लातूरच्या आडाचं पाणी

लातूरला निघायच्या दिवशी सकाळी मी बायकोकडे फिरकीचा तांब्या मागितला. झाकणाला आटे असलेला, वर कडी असलेला, प्रवासात पाणी सांडू नये म्हणून पूर्वी घरोघरी असायचा तो पितळी तांब्या. नांदेडच्या आमच्या घरात तो देवघराच्या खालच्या फळीवर जुन्या समयांमागे पडून असतो.

"गाडीत बाटल्या हायेत की," महानंदा म्हणाली.

"प्यायला नको. तिथलं पाणी आणायचंय."

"एकदा आणलं होतं की. पाणी काय बदलतंय व्हय?" असं म्हणाली खरी, पण चिंच लावून तांब्या लख्ख घासून दिला.

आमच्या थोरल्या लेकीची मुलगी ऋतुजा लातूरला एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवते. तिला तिथल्या एका जुन्या वस्तीत घर घ्यायचं आहे. जागा पसंत पडली, जावयानं होकार दिला, आणि बोलणी पक्की व्हायच्या वेळी आजीनं फोनवर सांगितलं, "त्या वस्तीत नको गं. तिथलं पाणी जड हाय, डाळ शिजत न्हाई." ऋतुजा आजीला मानते. ती थांबली.

हे वाक्य आमच्या घरात चाळीस वर्षं फिरतं आहे. महानंदा ते मनापासून बोलते, पण त्याची सुरुवात माझ्यापासून झाली आणि ते खोटं आहे. म्हणून नातीबरोबरच्या या प्रवासाआधी त्या पहिल्या प्रवासाची हकिगत सांगणं भाग आहे. आजवर ती मी अर्धीच सांगत आलो.

तेव्हा आम्ही देगलूरला होतो. थोरल्या भावाचं, अण्णांचं, किराण्याचं दुकान होतं आणि मी त्यात तागडी धरायचो. देगलूरच्या बाजारात गिऱ्हाईक भाव मराठीत विचारायचं, घासाघीस कानडीत करायचं आणि उठून जाताना तेलुगूत पुटपुटायचं. मला ते सगळं आवडायचं. दुकानाच्या मागे घर, घरात अण्णा-वैनी, त्यांची मुलं, आम्ही दोघं, आमची शाळेत जाणारी लेक आणि एक रांगतं लेकरू. चूल एक. त्या चुलीवर काय शिजणार हे वैनी ठरवायच्या.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या येणार, बदल्या होणार, अशा बातम्या पेपरात रोज. एके दिवशी महानंदा लेकराला थोपटता थोपटता म्हणाली, "जिल्हा झाला म्हणजे लोक अर्ज करणार. अर्जाला कागद लागणार. कचेरीजवळ कागद-दौतीचं दुकान टाकलं तर?" मी हसलो. ती हसली नाही. तिच्या मावशीनं तिला एका घराचा पत्ता दिला होता. पुढे रस्त्याकडे उघडणारी खोली, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मालक लेकाकडे सोलापूरला चालले होते. तिचे माहेरचे पाटल्या-गोठ त्यासाठी मोडायची तिची तयारी होती.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. मी म्हणालो, पाऊस पडल्यावर बघू. त्यावर ती म्हणाली, "घर वैशाखातच बघावं. पावसाळ्यात सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतेत." आणि हा फिरकीचा तांब्या पुढे केला. "भिंती बघत बसू नका. तिथलं पाणी घेऊन या. मी त्यात डाळ घालून बघते."

आमच्याकडच्या बायकांची ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. पाणी जड असलं की तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी टणक राहते, साबण फुटतो, केस राठ होतात. लेक द्यायच्या गावाचं पाणीसुद्धा असं डाळ घालून पाहणाऱ्या सासवा-आया मी पाहिल्या आहेत. महानंदाचा त्यात हातखंडा. शेजारपाजारच्या बाया नवी विहीर लागली की तिच्याकडे पाणी घेऊन यायच्या.

अण्णांना मी सांगितलं, लातूरच्या गंजात (धान्याच्या बाजारात) डाळीचे भाव काढून येतो. हे अगदीच खोटं नव्हतं.

सकाळच्या लाल गाडीनं निघालो. पिशवीत धपाटे, शेंगाची चटणी आणि रिकामा तांब्या. मुक्रमाबाद मागे पडलं तसा मुलूख उघडाबोडका होत गेला. काळ्या रानाला भेगा, बांधावरच्या बाभळी तेवढ्या हिरव्या. रस्त्याच्या कडेला रोजगार हमीवरच्या बाया खडी फोडत होत्या, आणि लेकरं झाडाला बांधलेल्या झोळ्यांत. एका वळणावर देवणी जनावरांचा कळप गाडीपुढे आला. पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान, आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. हाकणाऱ्या म्हाताऱ्याला कंडक्टरनं विचारलं, "कुठं चालले, मामा?"

"जिकडं कडब्याची पेंडी, तिकडं."

"अन् ती कुठं हाय?"

"ते ह्यांना इचारा. मी ह्यांच्या मागंच चालून राहिलो."

सगळी गाडी हसली. म्हातारा मात्र गंभीर होता.

उदगीरला गाडी बदलायची होती. स्टँडवरच्या हॉटेलात भजी मिळाली, पण पाणी मागितल्यावर मालक हात हलवून म्हणाला, "नीरु इल्ला, अप्पा (पाणी नाही)." भज्यांवर चहा हाच उतारा. जीभ भाजली ती लातूरपर्यंत भाजलेलीच.

लातूरला उतरलो तेव्हा गाव नव्या नवरदेवासारखं दिसत होतं, हळद लागलेलं आणि गोंधळलेलं. भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या, पाट्यांवरचा रंग ओला. एका खात्याची कचेरी पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती आणि साहेबांच्या फायलींवर पिठाची पूड बसत होती. पायरीवर बसलेला पट्टेवाला म्हणाला, "टेबलं आलीत, खुर्च्या यायच्यात. तवर साहेब टेबलावर बसतेत." अर्ज लिहून देणारा एक माणूस झाडाखाली होता आणि त्याच्यापुढे रांग होती. त्यानं कागद कुठून आणला हे मी मुद्दाम विचारलं. गोलाईतल्या बाजारातून, लांबून, म्हणाला. महानंदाचं म्हणणं खरं होतं.

रात्री एका मठात उतरलो. सकाळी अंघोळ, दाढी आणि लिंगपूजा, सगळ्याला मिळून एक छोटी कळशी. पूजेचं आधी बाजूला काढलं आणि उरल्यात दाढी केली, अंघोळीला सुट्टी. न्याहरीला सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) मिळाला. गरम, वर शेंगदाणे, लिंबू पिळलेला. आजही कुठे सुशीला खाल्ला की ती सकाळ आठवते.

घर सापडलं. भिंती ठीक होत्या. मालक किल्ली शेजारी ठेवून बाहेर गेले होते, म्हणून शेजारच्या खैरुनबींनी दार उघडून दिलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेल्या. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीतच एक आड (अरुंद, खोल विहीर) होता. भिंत बरोबर आडाच्या मधोमध गेलेली. अर्धा कठडा या घरात, अर्धा त्या घरात, आणि दोन्ही बाजूंना एकेक कप्पी. पाणी एकच.

"ऐसा है अप्पा," खैरुनबी म्हणाल्या, "हिकडून घागर सोडली की तिकडं आवाज येतो. दोघीनी संगं सोडली तर दोर गुतते. म्हनून आधी हाक मारायची, मंग सोडायची. तुमची मंडळी हाक मारती का न्हाई?"

"मारते."

"भांडती का?"

"माझ्याशी."

"मंग चालतंय." त्यांनी मला खालपासून वर पाहिलं. "तुम्ही वस्ती बघाया आलात ना? वस्ती बी तुम्हाला बघून राहिली."

खरंच बघत होती. समोरच्या ओट्यावर एक शिंपीकाका मशीन थांबवून बसले होते. पलीकडे कचेरीत नव्यानं लागलेल्या कारकुनाची बायको दारात गहू निवडत होती. ती गहू कमी आणि मला जास्त निवडत होती. तिनं मला विचारलं, "ताई शिकलेल्या हायेत?" मी सातवी म्हणालो. "माझ्याहून एक इयत्ता जास्ती," म्हणाली आणि खूश झाली.

मी तांब्या पुढे केला आणि कशासाठी ते सांगितलं. खैरुनबींना फार बरं वाटलं. "अक्कलवाली हाय तुमची मंडळी." मला घागर ओढू दिली. आड खोल गेला होता, दोर संपत आला तेव्हा कुठे घागर बुडाली. पाणी थोडं होतं, पण ओंजळीत घेऊन प्यालो आणि भाजलेल्या जिभेलासुद्धा ते गोड लागलं. खैरुनबींनी स्वतः झाकण घट्ट फिरवून दिलं. "एका उकळीत फुटंल डाळ. फुटली की बातमी द्या. तवर मी दुसऱ्या कुणाला किल्ली देत न्हाई, मालकाला बी सांगते."

दुपारपर्यंत मी त्या रिकाम्या पुढच्या खोलीत उंबऱ्यावर बसलो. फळ्या कुठे लागतील, दौती कुठे, गल्ला कुठे, हे सगळं दिसत होतं. मागच्या स्वयंपाकघरातून महानंदानं कप्पीजवळ जाऊन हाक मारलेली ऐकू येत होती. माझ्या आयुष्यात मी स्वतःचं म्हणून पाहिलेलं ते एकच घर.

परतीच्या गाडीत भीती सुरू झाली. लातूरला दिसत होतं ते दुकान. उदगीरच्या रस्त्यावर दिसू लागले अण्णा. वडील गेल्यावर त्यांनी मला वाढवलं होतं. मला वेगळं व्हायचंय, हे वाक्य मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात जुळवत होतो आणि प्रत्येक वेळी ते अर्ध्यावर तुटत होतं. तांब्या मांडीवर होता. डाळ शिजली तर मला बोलावं लागणार होतं. नाही शिजली तर कुणालाच काही बोलावं लागणार नव्हतं.

उदगीरच्या स्टँडमागे गाड्या धुवायची एक विहीर होती. मी तिकडे गेलो. त्या उन्हाळ्यात पाणी जमिनीवर ओतायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून सावलीला बसलेल्या खडीवरच्या एका बाईला विचारलं, पाणी पाहिजे का. तिनं भांडं पुढे केलं. लेकराला पाजलं, उरलेलं स्वतः प्याली. "लई गोड हाय, दादा. तुम्हाला पुण्य लागल," म्हणाली.

मग मी विहिरीच्या बादलीतून तांब्या भरून घेतला. गाडी धुणारा माणूस म्हणाला, "अप्पा, ते पिऊ नगा. साबण बी फेसाळत न्हाई त्याच्यात."

"हाव, माहीत आहे," मी म्हणालो. गळ्यात लिंग होतं, तरी झाकण घट्ट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी महानंदानं लेकराच्या वरणाचं निमित्त करून छोट्या पातेल्यात डाळ चढवली. दुकानातून मला चुलीचा धूर दिसत होता. दुपार झाली. आत वैनींचा आवाज चढला, "एवढुशा वरणाला सकाळधरनं जाळ? लाकडं काय तुझ्या माहेरनं येतेत?" महानंदा म्हणाली, "माझंच चुकलं, वैनी. जाळ कमी ठेवला." पाण्याचं नाव तिनं घेतलं नाही. संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा पातेलं घासून पालथं होतं. ती हळूच म्हणाली, "बरं झालं बघून आलात. फसलो असतो." तांब्या धुवून तिनं फळीवर ठेवला, पार मागे.

लातूरला मी कसलीच बातमी पाठवली नाही.

देगलूरच्या त्या घरातले दिवस वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. सणावाराला पंगती उठायच्या, अण्णा मला कधी तोडून बोलले नाहीत, आमची लेक आणि मुलगा चुलत भावंडांत वाढले. महानंदानंही कधी कुरकुर केली नाही. पण स्वतःची चूल तिला मिळाली ती मुलाला नांदेडला नोकरी लागून आम्ही इकडे आलो तेव्हा, केस पांढरे झाल्यावर. मधे एका उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सगळे ते टीव्हीवर बघत होते आणि महानंदा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होती, "ह्यांनी तेव्हाच वळखलं होतं." मी उठून बाहेर गेलो होतो.

तर, या उन्हाळ्यात ऋतुजाच्या गाडीतून निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. रस्ता रुंद झाला आहे, झाडं गेली आहेत. गाडी थंड असल्यानं ऊन फक्त दिसतं. अहमदपूरला तिनं मला चहा पाजला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कशाला त्रास घेताय? आजीनं सांगितलं ते पुरे आहे मला."

"तेच तपासायचं आहे," मी म्हणालो. त्याहून जास्त बोलता आलं नाही. आधी ते आजीला सांगायला हवं होतं.

वस्ती मी ओळखली नसती. माझ्या पुढच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. ऋतुजाचं घर त्याच गल्लीत चार दारं पुढे. खैरुनबींच्या घराला मजला चढला आहे, पण मधल्या भिंतीतला आड तसाच, वर लोखंडी जाळी आणि आत मोटारीचा पाइप. खैरुनबी गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांची सून नसीम दारात आली. पाण्याचं विचारलं.

"पाणी गोड है, आजोबा. खोटं कशाला बोलू, रेल्वेच्या साली ह्यो बी तळाला गेलता. घागरीत गाळच येत होता. पण गाळाखालचं बी गोडच." मग तिची नजर माझ्या हातातल्या तांब्यावर गेली. "तुम्ही देगलूरचे का?"

मी आडाच्या जाळीतून खाली पाहू लागलो. ऋतुजा म्हणाली, "हो, ह्यांचं मूळ घर तिथलं. का?"

नसीम हसायला लागली. "आमच्या सासूबाई सांगायच्या. देगलूरवाला तांब्याभर पाणी घेऊन गेला अन् डाळीची बातमी काय आणली न्हाई. आमच्याकडं पोरं दुकानात जाऊन उशीर करायला लागली तर अजून म्हणतेत, देगलूरवाला झाला का रे?" तिनं मोटार चालू केली आणि नळीनं तांब्या भरून दिला. झाकण मी फिरवू लागलो तर म्हणाली, "द्या, मी घट्ट करते."

तिला तो माणूस मीच, हे सांगायचं होतं. माझ्या तोंडून "येतो" एवढंच निघालं.

परतीच्या वाटेवर मी तांब्या मांडीवर धरून बसलो. गाडी कुठेही थांबवू नको, असं ऋतुजाला सांगितलं. मला सोडून ती तशीच लातूरला परतली. दुसऱ्या दिवशी तिचा वर्ग होता.

सकाळी महानंदानं कुकर बाजूला ठेवला आणि पातेल्यात डाळ चढवली. मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसलो. चांगली उकळी फुटल्यावर थोड्या वेळानं तिनं पळीवर दोन दाणे घेतले आणि चिमटीत दाबले. पीठ झालं.

"शिजली," ती म्हणाली. "मग तेव्हा का न्हाई शिजली?"

मी सांगितलं. उदगीरची विहीर, खडीवरची बाई, अण्णांची भीती, नसीमनं सांगितलेली गोष्ट, सगळं. ती गॅसकडे तोंड करून ऐकत होती. पळी हातातच होती.

"अण्णांना विचारायचं भ्या वाटत होतं तर मला सांगायचं. मी विचारलं असतं," ती म्हणाली.

हे मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"घराचं जाऊ द्या. मी किती जणींना सांगितलं तिथलं पाणी वाईट हाय म्हणून. शकुंतलानं तिथला प्लॉट सोडला माझ्या शब्दावर. माझी सख्खी बहीण. पाण्याच्या बाबतीत आजवर माझा शब्द कुणी मोडला न्हाई, अन् तुम्ही तोच खोटा केलात." आवाज चढला नव्हता. तिनं गॅस बारीक केला. "लावा फोन. आधी ऋतुजाला. मग शकुंतलाला. मी बोलणार न्हाई, तुम्हीच बोला."

ऋतुजाला मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे घर घेऊ?"

"घे. पाणी गोड आहे. तेव्हाही होतं."

फोन ठेवणार तेवढ्यात आतून महानंदाची हाक आली. आडावरच्या कप्पीजवळ उभं राहून मारावी तशी, लांब. "तिला म्हणावं, संध्याकाळी त्या नसीमकडं जाऊन ये. देगलूरची डाळ शिजली म्हणून सांग. बातमी द्यायची राहिलीय."

मी निरोप दिला. मग शकुंतलाचा नंबर लावला आणि ती उचलेपर्यंत उभाच राहिलो. स्वयंपाकघरात महानंदानं फोडणी दिली. दरवेळी आधी माझं ताट वाढणारी ती, त्या दिवशी स्वतःचं ताट वाढून घेऊन जेवायला बसली.